लाल बोंडी, टचपॅड आणि मिल्टनचं कार्ड

दुरास्नो,
रविवार, ५ जून, सकाळचे साडेदहा

चि. मिल्टन यास,

थोरली बहीण सुल्मा हिचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक लांबलचक तक्रार. आशीर्वाद आधी घे, म्हणजे तक्रार सोसेल. तुझा गुडघा कसा आहे? लिफ्टच्या विहिरीत उतरायचं काम आता तरुण लोकांना दे, तू वर उभा राहून ओरडत जा. तुझा आवाज चांगला आहे. चि. सौ. गुनिला हिचा दमा आटोक्यात असेल अशी आशा आहे. तिला सांग, तिने पाठवलेले लोकरी पायमोजे आईला फार आवडले. त्यातला एक आईने थर्मासला घातलाय, आणि दुसरा पहिला धुवायला टाकला की घालायला म्हणून राखून ठेवलाय. (पाय गार पडतात ते पडतात, पण पाणी आता दुपारपर्यंत कढत राहतं.)

तिकडे उन्हाळा लागला असेल, इकडे थंडी सुरू झालीय. सकाळी अंगणातलं गवत पांढरं दिसतं आणि नळाला पाणी उशिरा येतं. आईची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. नव्वदीला बरोबर दहा आठवडे राहिलेत. १४ ऑगस्टला रविवारच येतो, मी कॅलेंडर तीनदा बघितलं. आत्ता ती शेगडीपाशी आपल्या खुर्चीत बसलीय, आणि पाकीट बंद करण्याआधी हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवायचं अशी तिची अट आहे. तेव्हा मधूनमधून कंसात कोणी बोललं, तर ती आई आहे असं समज.

गेल्या बुधवारी फोनवर तू विचारलंस, "ताई, त्या लॅपटॉपचं नक्की काय झालंय?" आणि मी म्हणाले, पत्राने सविस्तर कळवते. तुला वाटलं असेल, ही म्हातारी झाली. पण फोनवर काय सांगणार? फोन ओसरीत, आई कानाशी. स्वतः फोन घेते तेव्हा तिला प्रत्येक शब्दाचा मागचा अर्धा भागच ऐकू येतो, आणि मी बोलत असले की पुढच्या खोलीतलंही सगळं ऐकू येतं. शेजारच्या नेल्सनच्या मुलीने आपला मोबाइल देऊ केला होता, त्यात तुझा चेहरा दिसेल म्हणाली. आईने चष्मा लावून तो हातात घेतला आणि परत दिला. "पोस्टाच्या तिकिटाएवढा मुलगा मला नको," म्हणाली. तेव्हा आपली सगळी भिस्त तू मागे ठेवून गेलेल्या त्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तो आज सहावा रविवार बंद आहे.

आता पहिल्यापासून सांगते. जाताना तू एक कागद लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलास, तो अजून आहे. त्यात पहिलंच कलम असं: "पडद्यावरचा बाण हलवायची साधनं दोन. एक, खालचं टचपॅड. दोन, कीबोर्डच्या मधोमध असलेली लाल बोंडी. एका वेळी एकच वापरा. बाण हिरव्या बटणावर नेऊन डावं बटण दाबा." वाचायला किती सोपं आहे. तू लिफ्टवाला माणूस. तुझ्या यंत्राला वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा ठाऊक. शिवाय इतकी वर्षं स्वीडनमध्ये राहून तू एक गोष्ट विसरलास, की दुरास्नोत माणसाला एकच हात असतो. डाव्या काखेत थर्मास, डाव्या हातात येर्बाचा तुंबा, म्हणजे कडू पाल्यावर कढत पाणी ओतून नळीने ओढायचा तो, हेही विसरला असशील, आणि उरला तो उजवा. एका बोटाने बाण धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायचं, हे लिहिताना तो दुसरा हात आम्ही कुठून आणावा याचा विचार केलास का? थर्मास खाली ठेव म्हणशील. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काखेत थर्मास धरून साठ गावांच्या तारा जोडल्या, ती आता एका बाणासाठी थर्मास खाली ठेवू?

बरं, तो उरलेला उजवा हातही कोरडा नसतो. नुकतीच नळी पुसलेली असते, बोटाला ओल असते. टचपॅडला ओलं बोट अजिबात खपत नाही. बाण एकदम या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो, वाटेत तीन-चार गोष्टी उघडतो, आणि मी काहीही केलेलं नसताना मला विचारतो की तुम्हाला हे नक्की पुसायचं आहे का. मी नेहमी नाही म्हणते. (आई म्हणते, तिने एकदा हो म्हटलं होतं, पण काही झालं नाही.)

तरी आम्ही हार मानली नाही. एप्रिलमध्ये तू कार्ड पाठवलंस. लॅपटॉपच्या पोटातलं वायरलेस गेलंय, तेव्हा डाव्या कुशीला जी खाच आहे तिच्यात हे कार्ड बसवा, असं सोबत लिहिलं होतंस. खाचेत आधी एक प्लास्टिकची पट्टी आहे, ती नुसती जागा धरायला असते, खाचेत धूळ जाऊ नये म्हणून. ती दाबून बाहेर काढा आणि जपून ठेवा, असंही लिहिलं होतंस. मी एका दमात सगळं केलं. पट्टी दाबली, बॉलपेनसारखी टक्कन बाहेर आली. ती आईच्या बटणांच्या डब्यात ठेवली. कार्ड आत सारलं, खट् वाजलं, कडेला हिरवा दिवा लागला. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच. पण त्याला सरावाचा हात लागतो."

आता नेल्सन. तुला आठवतोच, पलीकडच्या घरातला, भाताच्या गिरणीत मेकॅनिक होता. दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून त्याला आपलं कुंपण सारखं दुरुस्तीला आलंय असं वाटतं. तर त्या पहिल्या रविवारी आम्ही कामं वाटून घेतली. लाल बोंडी माझ्याकडे, डावं बटण नेल्सनच्या अंगठ्याकडे, येर्बा ओतायचं काम आईकडे. दहा वाजता तुझी घंटी वाजली. मी बोंडी ढकलत ढकलत बाण हिरव्या बटणावर आणला, "दाब" म्हणाले, आणि नेल्सनने अंगठा ठेवताना मनगट कुठल्यातरी तीन बटणांवर टेकवलं. चित्र आलं, पण उलटं. तुझं डोकं खाली, वर तुझी हनुवटी, आणि गुनिला छताला लोंबकळतेय. नेल्सन म्हणाला, तिकडे रात्र-दिवस उलटे असतात तसं हेही असेल. आई मात्र शांत होती. "जन्मला तेव्हाही पायाकडूनच आला होता," म्हणाली. शेवटी लॅपटॉपच पिठाच्या डब्याला टेकवून डोक्यावर उभा केला आणि तुला सरळ केलं. तुला तिकडे आम्ही सगळे उलटे दिसत होतो, पण तू सभ्यपणे मान तिरकी करून बोलत राहिलास.

दुसरा रविवार तर सणासारखा गेला. पडदा नेल्सनच्या मुलीने सरळ करून दिला होता. तू आईला स्वयंपाकघर दाखवलंस, खिडकीतून दिसणारं बंदर दाखवलंस, टक्कल लपवायला टोपी घातली होतीस तीही आईने काढायला लावली. पाऊण तास झाला. शेवटी तू खुशीत येऊन म्हणालास, "आता काय ताई, आता मी दर रविवारी घरीच आहे. यंदा तिकिटाची घाई नको करायला." आई हसली, म्हणाली, "हो रे बाळा." मग बाण कोपऱ्यातल्या लाल फुलीवर न्यायला आम्हाला दहा मिनिटं लागली, तोवर तू हात हलवत राहिलास.

आणि पुढच्या रविवारी, एक मे रोजी, सगळं ठप्प. हिरवा दिवा नाही, घंटी नाही, पडद्यावर एवढंच, की जोडणी नाही.

मी लगेच कार्ड तपासलं. एकतीस वर्षं खुंट्या आणि भोकं यांत घालवलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. काढलं, फुंकर मारली, स्पिरिटने पुसलं, परत घातलं. खट् वाजलं. आधी ते नखभर बाहेर डोकावायचं, आता इतकं आत बसलंय की बाहेर काही दिसतच नाही. यावरूनच मी किती नीट बसवलं ते तुला कळेल. पण मिल्टन, स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. हे कार्ड तू स्वस्तातलं आणलंस. हातात घेतलं तर वजनच नाही. वरचं लेबलही स्पिरिटने निघून गेलं असावं. स्वीडनचा माल म्हणे. बाबांची ती स्वीडनची कुऱ्हाड आठव, दोन माणसांनी उचलायची. नेल्सनने कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाला, "सुल्मा, याला दात नाहीत." मी म्हटलं, "नेल्सन, दात तुलाही नाहीत, तरी तू बोलतोसच." त्याने कार्ड मला परत दिलं. हल्ली तो माझ्याशी वाद घालत नाही. (आई म्हणते, त्याने घालायला हवा होता.)

मग मी बाणाच्या मागे लागले. म्हटलं, कार्ड ठीक असेल तर दोष आत कुठेतरी सेटिंगमध्ये असेल, आणि तिथे जायचं तर बाण लागणार. पण या थंडीत लाल बोंडीला काय झालंय कळत नाही. कोणी हात लावला नाही तरी बाण आपला हळूहळू उजव्या कोपऱ्याकडे चालायला लागतो. मी ओढून मध्ये आणते, पाठ फिरली की परत तिकडे. आईने हे बघितलं आणि ठरवून टाकलं की तिकडून तूच तो ओढतोस. "लहानपणी रुसला की अस्साच कोपऱ्यात जाऊन बसायचा," म्हणाली. तेव्हापासून दुपारी मी भांडी घासत असले की ती लॅपटॉपसमोर बसून बाणाशी बोलते. जेवलास का विचारते. गुडघ्याला मेंढीची चरबी लाव म्हणून सांगते. एकदा मी ऐकलं, ती त्याला म्हणत होती, "ये की इकडे. ये." आणि बाण गेला कोपऱ्यात. मी म्हटलं, "आई, त्याला ऐकू जात नाही." ती म्हणाली, "मलाही फोनवर जात नाही. म्हणून कोणी बोलायचं थांबतं का?"

नेल्सनने मग घरून माउस आणला. चांगला होता, पोटात लाल दिवा असलेला. पण आपल्या टेबलावरचं मेणकापड तुला माहीत आहे, गुलाबांचं. माउस पांढऱ्यावर असला की धावायचा आणि गुलाबावर आला की अडायचा. नेल्सन म्हणाला, याला फुलं आवडतात. मी मेणकापड उलटं घातलं, तर माउस चांगला चालला, बाण सरळ त्या सेटिंगच्या पानावर गेला, "कार्ड खाचेत आहे का ते पाहा" असं काहीतरी नेल्सन वाचायला लागला, आणि तेवढ्यात आईच्या हातून तुंबा टचपॅडवर सांडला. ओला येर्बा सगळ्या कीबोर्डभर. (आई म्हणते, हात घसरला.) लॅपटॉप दोन दिवस शेगडीजवळ उपडा ठेवला. अजून बोटाखाली येर्बाची कुसं टोचतात. आणि गंमत म्हणजे तेव्हापासून टचपॅड फक्त नेल्सनच्या अंगठ्याला ओळखतं. माझ्या बोटाला ढिम्म हलत नाही. म्हणजे आता मला बाण हलवायचा असेल तर नेल्सनला हाक मारावी लागते, आणि नेल्सन येतो म्हणजे त्याचा थर्मासही येतो, आणि दोन थर्मास एका टेबलावर आले की दुपार गेलीच. (आई म्हणते, यात तक्रार कसली ते तिला कळलं नाही.)

शेवटी मी माणूस बोलावलं. बेकरीशेजारी यामिला म्हणून एक बाई मोबाइल दुरुस्त करते, हुशार आहे, कमी बोलते. ती आली, कोट काढला, लॅपटॉप डाव्या कुशीवर वळवला, खाचेकडे बघून भुवया उंचावल्या, आणि बोट पुढे नेलं. आई म्हणाली, "आधी हे घे, बाळ, गारठली असशील." आणि तुंबा तिच्या हातात दिला. यामिलाने नळी वाजेपर्यंत ओढलं, तुंबा परत दिला आणि म्हणाली, "आभारी आहे, आजी."

पहिल्याच तुंब्याला, मिल्टन. तुला सांगायला नको. आपल्याकडे आभार मानले म्हणजे पुरे झालं, आता मला फेरीत धरू नका. चौथ्या-पाचव्याला मानावे. पहिल्याला आभार मानणारा माणूस एकतर परदेशी असतो नाहीतर भांडायला आलेला असतो. बिचारीला आम्लपित्त आहे, डॉक्टरने बंदी केलीय, हे तिने सांगितलंही; पण आई उठून उभी राहिली होती. "पाणी गार होतं का? येर्बा जुना होता का? या घरात राष्ट्राध्यक्षाच्या सासूने सात तुंबे घेतलेत." (आई म्हणते, आठ.) यामिलाने कोट घातला आणि गेली. खाचेला तिचं बोटसुद्धा लागलं नाही. मी आता बेकरीत मागच्या रस्त्याने जाते.

पण खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा त्रास नाही. त्रास रविवारचा आहे. दर रविवारी पावणेदहाला आई निळं स्वेटर घालते, तो चांदीचा ब्रोच लावते, केस ओले करून मागे बसवते आणि खुर्चीत येऊन बसते. लॅपटॉप तिच्यासमोर मिटलेला. मी तिला सांगते, आई, आज नाही लागणार. ती म्हणते, असू दे. अकरा वाजेपर्यंत बसते. खुर्चीसुद्धा नीट समोर ठेवत नाही, जरा तिरकी करून बसते. मी तीनदा सरळ केली, तिने तीनदा फिरवली. म्हणते, पडद्याची चमक डोळ्यांवर येते. बंद पडद्याची कसली चमक? मी स्वयंपाकघरात जाते आणि कांदा चिरते, म्हणजे डोळ्यांना कारण मिळतं.

गेल्या रविवारी एकोणतीस तारीख होती, म्हणून रिवाजाप्रमाणे बटाट्याच्या न्योकी, त्या उकडलेल्या गोळ्या, केल्या आणि नेल्सनलाही जेवायला बोलावलं. जे वाढावं असं वाटतं ते ताटाखाली ठेवायचं, म्हणून सगळे नाणं ठेवतात. मी नाण्यासोबत तुझं कार्डही खाचेतून काढून माझ्या ताटाखाली ठेवलं. म्हटलं, इंजिनिअरी झाली, आता हेही करून बघू. काही फरक पडला नाही. (आई म्हणते, जेवणाचं एवढंच पुरे, पुढचं लिहायची गरज नाही.)

तर असा सगळा प्रकार आहे. आज दहा वाजता परत एकदा उघडून बघितलं. बाण कोपऱ्यात, जोडणी नाही. आता तू तज्ज्ञ माणूस, तूच काय ते सुचव: बोंडी काढून टाकू का, टचपॅड बदलून मिळतं का, आणि हे कार्ड परत देऊन दुसरं, जरा वजनदार, घेता येईल का. गुनिलाला माझा नमस्कार नको, आशीर्वादच सांग. उन्हात डोक्यावर टोपी घालत जा. आता आईने बघितलंच आहे, लपवायचं काही उरलं नाही.

तुझी, एका हाताने लिहिणारी ताई,
सुल्मा

ता.क. आईला पत्र वाचून दाखवलं. तिला पसंत पडलं, फक्त सांडलेल्या तुंब्याचा भाग फार लांबला म्हणाली. आता जेवून ती आडवी झालीय आणि घोरतेय, तेव्हा हे पुढचं घाईत लिहिते. वरचं सगळं खरं आहे, पण अर्धंच आहे.

एकोणतीस तारखेला जेवण झाल्यावर आई स्वतःचं ताट कोणाला उचलू देईना. मी घासते म्हणाली. नेल्सनने कौतुकाने ते उचललंच. खाली नाणं नव्हतं. खाली तुझं कार्ड होतं. खरं. चांगलं जड, वर लेबल, टोकाला सोनेरी दातांची ओळ. मी माझ्या ताटाखालचं काढून शेजारी ठेवलं, आणि दोन्हींकडे बघत राहिले. चार आठवडे मी जे फुंकत होते, स्पिरिटने पुसत होते, खट् वाजवून आत बसवत होते आणि ज्याला स्वस्तातलं म्हणून नावं ठेवत होते, ती बटणांच्या डब्यातली प्लास्टिकची पट्टी होती. नेल्सनने नुसती जीभ हिरड्यांवरून फिरवली. एक्स्चेंजमधल्या माझ्या एकतीस वर्षांबद्दल तू चकार शब्द काढणार नाहीस, हे मी गृहीत धरते.

आईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मशीन लागलं आणि तो म्हणाला, यंदा यायची घाई नाही. मग मी मशीन काढलं." दुसऱ्या रविवारी तू फोन ठेवल्यावर मी मागे कपडे वाळत घालायला गेले, तेवढ्यात तिने कार्ड टक्कन बाहेर काढलं आणि पट्टी आत सारली. एवढंच, आणि त्याला सरावाचा हातही लागला नाही. मग तुंबा सांडला तो का, यामिलाला पिटाळलं ते का, हे तुझं तूच जुळव. मी म्हटलं, अगं मग तोंडाने सांगायचं की ये म्हणून. तर म्हणाली, नाही. बोलावलं की येतो, पण पाहुण्यासारखा येतो, आल्यापासून परतीची तारीख बघतो. त्याला आपणहून वाटू दे. आणि मला शपथ घातली की तुला यातलं काही लिहायचं नाही.

मी एकच विचारलं. म्हटलं, आई, कार्ड तुझ्याच खिशात होतं, घंटी वाजणार नाही हे तुला ठाऊक होतं, मग दर रविवारी नटून कशाला बसायचीस? ती म्हणाली, "मी मशीनसमोर बसत नव्हते. खुर्ची दाराकडे असायची, तुझं लक्ष कुठे असतं?"

ता.क. २. तर शपथ मोडलीय, ती मी माझ्या नावावर घेते. कार्ड आई निळ्या स्वेटरच्या खिशात ठेवते. आत्ता स्वेटर खुर्चीच्या पाठीवर आहे. मी कार्ड काढून या पाकिटात घातलंय आणि खिशात प्लास्टिकची पट्टी ठेवलीय. वरून चाचपलं तर फरक कळायचा नाही, मला तर हातात धरूनही कळला नव्हता. हे कार्ड पोस्टाने परत पाठवू नकोस. ते बसेल अशी खाच आपल्या घरात एकच आहे. १४ ऑगस्टच्या आत स्वतः घेऊन ये आणि तुझ्या हाताने बसव. मी सहा रविवार कांदे चिरलेत, मिल्टन, आणि मलाही तू हवा आहेस. हे लिहायला मला पाच पानं लागली. आलास की पहिल्या तुंब्याला आभार तेवढे मानू नकोस.

ता.क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आई उठली. स्वेटर अंगात घातलं, खिसा चाचपला, जरा वेळ हात तसाच ठेवला. मी खाली मान घालून पत्ता लिहीत राहिले. मग म्हणाली, "सुल्मा, त्यावर एक तिकीट जास्तीचं लाव. जड झालं असेल." एक जास्तीचं लावलं आहे.